कामाचा बांध, घराचा बांध

मराठवाड्यातील कोणत्याही तहसील कचेरीत बांध कोरल्याची तक्रार नवी नसते. बांध एका रात्रीत कोणी फोडत नाही. दर हंगामात नांगराचे एखादे तास पलीकडे सरकते आणि काही वर्षांनी मोजणी आणली की गुंठाभर जमीन गेल्याचे ध्यानात येते. नोकरी आणि घर यांच्यामधल्या सीमेचेही असेच होते. सुटीच्या दिवशी साहेबांचा एक फोन येतो, रात्री जेवताना एक संदेश येतो, नात्यातल्या एका लग्नासाठी रजा मोडते, भावाच्या मुलाच्या प्रवेशासाठी दोन दिवस जातात. यातले एकेक काम क्षुल्लक असते. त्यांची बेरीज मात्र माणसाला आतून रिकामे करते. सकाळी उठल्यावरही शीण जात नाही, ज्या कामाचा एके काळी अभिमान वाटे त्याचा तिटकारा येऊ लागतो आणि घरातल्या माणसांचे बोलणे कानावर पडले तरी मनापर्यंत पोहोचत नाही. या अवस्थेला जगभर 'बर्नआउट' म्हटले जाते.

हा शब्द मराठीत आला तो माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि महानगरांतील कार्यालये यांच्यामार्फत. त्यामुळे बर्नआउट हा पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींतला आजार आहे, अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात धाराशिव जिल्ह्यातील परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी तो तितकाच आढळू शकतो. फक्त तेथे त्याला नाव नसते. शहरी वाचकांसाठीही हा विषय दूरचा नाही. पुण्यात स्थायिक झालेल्या असंख्य कुटुंबांची एक मुळी अशाच एखाद्या तालुक्यात असते आणि थकव्याचा अर्धा भाग त्या मुळीतूनच येत असतो.

संकल्पनेचा उगम

'बर्न्ट-आउट' हे विशेषण इंग्रजी साहित्यात आधीपासून होते. ग्रॅहॅम ग्रीन यांची काँगोमधील कुष्ठरोग वसाहतीच्या पार्श्वभूमीवरील, याच शब्दांचे शीर्षक असलेली कादंबरी १९६० ची. मानसशास्त्रात मात्र ही संज्ञा रुजवली ती हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी. नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले हे मानसतज्ज्ञ दिवसा स्वतःचा व्यवसाय करीत आणि रात्री उशिरापर्यंत न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात व्यसनाधीन तरुणांवर उपचार करीत. हा क्रम चालू असताना कुटुंबासह सहलीला निघण्याच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता आले नाही. स्वतःच्या आणि सहकारी स्वयंसेवकांच्या अवस्थेचा अभ्यास करून त्यांनी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. बर्नआउटचा पहिला शास्त्रीय अभ्यास गलेलठ्ठ पगाराच्या नोकरदारांचा नव्हता, तो सेवाभावाने विनामूल्य काम करणाऱ्यांचा होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यानुसार या अवस्थेची तीन अंगे आहेत. पहिले, भावनिक शक्ती संपून जाणे. दुसरे, कामाविषयी आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी कोरडेपणा किंवा कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना बळावणे. केवळ दमलेल्या माणसाला दोन दिवसांच्या झोपेने उभारी येते. बर्नआउट झालेल्या माणसाची रजा संपण्याच्या आदल्या संध्याकाळीच छाती जड होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी ही अवस्था आहे, असे त्यात म्हटले आहे. संघटनेने तिला रोग मानलेले नाही, 'व्यवसायाशी निगडित घटना' मानले आहे. आणि ही संज्ञा जीवनाच्या इतर क्षेत्रांना लावू नये, असेही स्पष्ट केले आहे.

ही शेवटची अट भारतीय वाचकाला अडचणीची वाटेल. सासूचे आजारपण, मुलांचे शिक्षण, स्वयंपाक आणि शेतातली निंदणी हे सारे एकाच बाईच्या वाट्याला येते तेव्हा त्यातले 'काम' कोणते आणि 'जीवन' कोणते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. पावणेपाच तासांहून अधिक चालणाऱ्या या कामाला वेतन नाही, सुटी नाही आणि निवृत्तीही नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रियांच्या या घरच्या कामाला 'दुसरी पाळी' म्हटले होते. बेल्जियममधील मोइरा मिकोलायझॅक आणि इझाबेल रोस्काम यांनी पालकत्वातून येणाऱ्या बर्नआउटचाही स्वतंत्र अभ्यास केला. ४२ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत व्यक्तिवादी संस्कृतींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळले. मूल वाढवायला चार हात असले की भार हलका होतो, हा त्याचा सरळ अर्थ. मात्र चार हातांपैकी दोनच हात राबत असतील, तर एकत्र कुटुंबाचा हा फायदा कागदावरच राहतो.

दोष कोणाचा?

थकलेल्या माणसाला मिळणारा नेहमीचा सल्ला स्वतःला सुधारण्याचा असतो: पहाटे उठा, प्राणायाम करा, सकारात्मक विचार करा. या गोष्टी हितकारकच आहेत. पण मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ मधील आपल्या पुस्तकात वेगळे निदान मांडले. बर्नआउट हा प्रामुख्याने व्यक्तीचा दोष नसून ती जेथे काम करते त्या व्यवस्थेचा दोष आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सहा ठिकाणे दाखवली, जेथे माणूस आणि काम यांचा मेळ बिघडतो: कामाचा भार, कामावरील नियंत्रण, मिळणारा मोबदला व कौतुक, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांपैकी एकच गोष्ट बिघडली तर माणूस निभावून नेतो. तीन-चार एकदम बिघडल्या की प्राणायाम पुरत नाही.

त्याआधी १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी दाखवून दिले होते की सर्वाधिक ताण केवळ जास्त कामाने येत नाही. काम जास्त आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा जोडीने येतो. साहेबांपेक्षा लिपिकाला आणि सासूपेक्षा सुनेला अधिक शीण का येतो, याचे उत्तर या सूत्रात आहे.

कामाच्या तासांचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मे २०२१ मधील अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू दीर्घ कामाच्या तासांशी निगडित होते, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ७० आणि ९० तासांच्या आठवड्याचे आवाहन करणाऱ्या उद्योगपतींच्या विधानांवर २०२३ आणि २०२५ मध्ये देशात वाद झाला, त्या वादाला ही पार्श्वभूमी होती.

परंड्याचे वास्तव

महानगरात कार्यालय आणि घर यांच्यामध्ये निदान तासाभराचा प्रवास असतो. परंड्यासारख्या गावात तेवढेही अंतर नसते. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, परिचारिका, बसवाहक, औषधविक्रेता हे ज्यांची कामे करतात त्यांच्याच शेजारी राहतात, त्यांच्याच लग्नांना जातात. दवाखान्याची वेळ संपली तरी परिचारिकेचे दार बंद होत नाही. 'घरचीच माणसं आहेत' हे वाक्य आधाराचेही असते आणि ओझ्याचेही.

या स्थितीचे सर्वांत ठळक उदाहरण आशा स्वयंसेविकेचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक, अशी गावातलीच स्त्री 'आशा' म्हणून निवडण्याची पद्धत आली. कायद्याच्या भाषेत ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. मात्र बाळंतपणाला वेळ नसते, म्हणून तिच्या कामालाही नसते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यात दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. मॅस्लॅक यांच्या सहा ठिकाणांपैकी भार, मोबदला आणि न्याय ही तिन्ही येथे एकत्र येतात.

आणखी एक गोष्ट आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत २०१५ च्या सुमारास 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. त्यात घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने ताणग्रस्त माणसे शोधण्याचे काम आशांकडे आले. धाराशिव हा त्यांतला एक जिल्हा. झोप लागते का, मन उदास असते का, हे सगळ्या गावाला विचारणाऱ्या स्त्रीला हेच प्रश्न कोणी विचारावेत, याची तरतूद मात्र सहसा नसते.

आपत्तीच्या काळात ही ओढाताण टोकाला जाते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत सीना नदीला पूर येऊन परंडा तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पाणी ओसरले की पंचनाम्यांचे काम सुरू होते. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी विभागाचा कर्मचारी यांनी एकत्र बांधावर जाऊन नुकसानीची नोंद करायची असते. वरून मुदत ठरलेली, समोर उद्ध्वस्त शेतकरी आणि पुष्कळदा स्वतःच्या घरचीही जमीन पाण्याखाली, अशा तिहेरी ताणात हे काम करावे लागते. अशा दिवसांत 'सहाला काम बंद' ही सीमा आखता येत नाही आणि आखूही नये. पण आपत्ती संपल्यावर सक्तीची विश्रांती, बदली माणूस आणि मोकळेपणी बोलण्याची एखादी बैठक, इतके प्रशासनाला सहज करता येते. ते केले नाही तर आपत्तीतली निकड हीच पुढे रोजची रीत होऊन बसते.

या भागाच्या मनावर सेवेच्या आदर्शाचाही खोल ठसा आहे. समर्थ रामदासांचे शिष्य आणि 'दासबोधा'चे लेखनिक कल्याणस्वामी यांचे स्थान परंडा तालुक्यातील सीनाकाठच्या डोमगावला आहे. सज्जनगडावर ते मोठमोठ्या हंड्यांनी खालून पाणी वाहून नेत, असे सांगितले जाते. या कथेने पिढ्यांना कष्टाची प्रतिष्ठा शिकवली. मात्र स्वेच्छेने स्वीकारलेली सेवा आणि भिडेपोटी उचललेले ओझे यांत फरक आहे. पहिल्याने मन भरते, दुसऱ्याने ते आटते. दुसऱ्याला पहिल्याचे नाव दिले की नकार देणे पाप वाटू लागते.

सीमा म्हणजे भिंत नव्हे

ज्या १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर यांचा निबंध आला, त्याच वर्षी अर्जेंटिनात जन्मलेले कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन यांचा कुटुंबांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुटुंबातील सीमांचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. काही घरांत सीमा पुसट असतात; एकाचे दुखणे सर्वांचे होते, पण कोणालाही स्वतःचा असा कोपरा उरत नाही. काही घरांत त्या ताठर असतात. कोणाचे कोणाला काही कळत नाही. निरोगी घरांत त्या स्पष्ट असतात. ये-जा असते आणि दारही असते.

परंड्याचा भुईकोट किल्ला या संदर्भात आठवावा असा आहे. सपाट भूमीवर डोंगराचा आधार नसल्याने त्याच्या संरक्षणासाठी खंदक आणि भक्कम तट उभारावे लागले. पण किल्ला वसता राहिला तो दरवाजामुळे. सीमा आखणे म्हणजे तट बांधून बसणे नव्हे. दरवाजा केव्हा उघडायचा हे स्वतः ठरवणे होय.

मराठीत या कल्पनेसाठी 'मर्यादा' हा शब्द सहज सुचतो. पण तो जपून वापरावा लागतो. घराची मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी परंपरेने स्त्रीवर टाकली गेली आणि तिच्यासाठी मर्यादा म्हणजे इतरांनी घातलेले कुंपण ठरले. येथे अभिप्रेत असलेली सीमा नेमकी उलट दिशेची आहे: ती स्वतःसाठी स्वतः आखायची आहे.

सीमा सर्वांची सारखी नसते. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टेना निपर्ट-एंग यांनी १९९६ मध्ये दाखवले की काही माणसे घर आणि काम काटेकोरपणे वेगळे ठेवतात, तर काही दोन्ही एकत्र गुंफतात. पेढीवर बसून मुलाचा अभ्यास घेणारा व्यापारी दुसऱ्या प्रकारचा. ही गुंफण त्याने निवडली असेल तर तीत वावगे काही नाही. दुःख सुरू होते ते पद्धत लादली गेली म्हणजे.

कामाच्या ठिकाणी

कामाला सीमा असावी ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आज स्वाभाविक वाटणारा रविवार हा कोणी तरी मागून, भांडून मिळवलेला बांध आहे.

कायद्याने असे इतरही बांध घातले आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनंदिन तास १० पर्यंत वाढवण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. कार्यालयीन वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये असे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेले नसल्याने कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. मधल्या काळात पुढील गोष्टी व्यक्तीला आणि गटाला करता येण्याजोग्या आहेत.

आधी मोजणी. दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी: किती वाजता काम सुरू झाले, किती वाजता संपले, वेळेनंतर किती फोन आले आणि त्यांतले खरोखर तातडीचे किती होते. 'फार काम आहे' या तक्रारीपेक्षा या नोंदीला वरिष्ठांपुढे अधिक वजन येते. पुष्कळदा निम्मे फोन सकाळपर्यंत थांबू शकले असते, हे त्यांतून दिसते.

नकाराऐवजी क्रम विचारावा. वरिष्ठाला थेट 'नाही' म्हणणे आपल्याकडे उद्धटपणा ठरतो. त्याऐवजी, 'साहेब, हा अहवाल आज हवा असेल तर लाभार्थ्यांची यादी उद्या दुपारी देता येईल. आधी कोणते करू ते सांगावे,' असे म्हणता येते. यात आज्ञाभंग नाही, पण दिवसाला तासांची मर्यादा असते हे समोरच्याच्या ध्यानात येते.

तातडीची व्याख्या ठरवावी. व्हॉट्सअॅपच्या गटावरील संदेश तातडीचा मानायचा नाही, तातडी असेल तर फोन करायचा, एवढा एक नियम कार्यालयाने केला तरी रात्रीची निम्मी घालमेल थांबते. गटप्रमुखाने स्वतः रात्री संदेश टाकणे बंद केले नाही, तर मात्र कोणताही नियम टिकत नाही.

सीमा शक्यतो गटाने आखावी. एकट्या शिक्षकाने जादा काम नाकारले तर तो कामचुकार ठरतो. सगळ्या शाळांनी मिळून कायद्याचे कलम दाखवले तर ती मागणी होते. रोजंदारीवरच्या मजुराला किंवा ऊसतोडणी कामगाराला एकट्याने सीमा आखता येत नाही, हे वास्तव मान्य करावे लागते. त्यांच्यासाठी सीमा म्हणजे किमान वेतन, संघटना आणि कायद्याची अंमलबजावणी. त्यांना 'नाही म्हणायला शिका' असे सांगणे हे दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्यासारखे आहे.

कुटुंबात

नोकरीतली सीमा कायद्याने तरी राखता येते. घरातली राखणे अधिक कठीण, कारण तेथे समोर प्रेम असते. पुण्यात नोकरी करणारा थोरला मुलगा घ्यावा. गावाकडचा दवाखाना, बहिणीचे बाळंतपण, चुलत भावाची नोकरी, विहिरीचे कर्ज, साऱ्यासाठी पहिला फोन त्यालाच. त्याची पत्नी कार्यालयातून सातला परतते आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लागते. दोघेही एकमेकांवर चिडतात. वस्तुतः दोघांचाही शत्रू एकच असतो, तो म्हणजे न सांगता वाढत गेलेली अपेक्षा. दोघांनी आधी आपसांत बसून किती पैसे, किती दिवस आणि कोणती कामे देता येतील हे ठरवावे आणि मग ते घरच्यांना एकाच तोंडाने सांगावे. एकाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला की बांध तेथेच फुटतो.

सांगण्याची रीतही महत्त्वाची. संकट आल्यावर दिलेला नकार जखम करतो. आधी सांगितलेली मर्यादा हळूहळू स्वीकारली जाते. 'काका, यंदा जत्रेला दोनच दिवस येणं जमेल, पण ते दोन दिवस पूर्ण घरचं बघतो,' या वाक्यात नकारही आहे आणि वचनही. दिलेले वचन काटेकोर पाळले की पुढच्या वेळच्या नकाराला मान मिळतो. आजारी वडीलधाऱ्यांची सेवा भावंडांत वाटून घेताना पैसे देणारा आणि प्रत्यक्ष राबणारा यांचे काम समान मोलाचे मानले जावे. आणि राबणाऱ्या व्यक्तीला, जी बहुधा सून असते, वर्षातून काही दिवस पूर्ण मोकळीक मिळावी.

नकार दिल्यावर मनात जी अपराधाची बोच राहते, तिच्यावर विवेकनिष्ठ मानसोपचाराची विचारसरणी उपयुक्त ठरते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीचा आपला हट्टी समज दुःख निर्माण करतो, हे तिचे मुख्य सूत्र. 'सर्वांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे' या वाक्यातला 'च' काढून पाहावा. 'सर्वांनी चांगले म्हटले तर आवडेल, पण कोणी नाराज झाले तर ते सहन करता येईल,' असा बदल झाला की नकार जड जात नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्या पूर्वजांनी याच अनुभवातून घडवली असावी.

विसावा कसा साधतो

सीमा आखून मिळालेला वेळ दूरचित्रवाणी किंवा मोबाइलपुढे गेला तर शीण जात नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सॉनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विसाव्याची चार अंगे मांडली: कामातून मन बाजूला होणे, शरीर सैल होणे, काही नवे शिकण्याचा आनंद आणि आपला वेळ आपण ठरवल्याची भावना. यांपैकी पहिले सर्वांत कठीण. त्यासाठी दिवस संपल्याची एखादी खूण उपयोगी पडते: उद्याच्या कामांची यादी लिहून वही मिटणे, कपडे बदलणे, गावाबाहेर एक फेरी मारणे. भजनी मंडळ, तालीम, वाचनालय ही या चारही गोष्टी एकत्र देणारी जुनी ठिकाणे आहेत.

गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आहार, व्यायाम, ताण आणि मनःशांती यांचा त्यांनी केलेला पुनर्विचार 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. ध्येय कितीही थोर असले तरी शरीर आपला हिशेब मागतेच, हा त्यातून घेण्याजोगा बोध आहे.

मदत केव्हा घ्यावी

बर्नआउट आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. बर्नआउटमधील उदासी बहुधा कामाभोवती फिरते. कामापासून दूर गेल्यावर थोडे हायसे वाटते. नैराश्यात मात्र आवडत्या गोष्टींतही रस उरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडली, सतत रडू आले, दारूचा आधार घ्यावासा वाटू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर सीमांची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड किंवा मधुमेह नाही ना, हेही तपासून घ्यावे. आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत रक्तक्षयाची शक्यता तर प्रथम पडताळावी.

तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ सहज मिळत नाही आणि मिळाला तरी त्याच्या दारात कोणी पाहील ही धास्ती असते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा अशा वेळी कामी येते. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

बांध घातल्याने शेजाऱ्याशी वैर होतेच असे नाही. उलट तो पावसाचे पाणी अडवतो, माती धरून ठेवतो आणि दोन्ही शेतांना उपयोगी पडतो. वैर होते ते बांध कोणीच नीट न आखल्यामुळे. घरातल्या आणि कचेरीतल्या माणसांना आपला बांध कोठे आहे हे वेळीच, शांतपणे आणि आदराने सांगितले, तर त्यांतले बहुतेक जण तो ओलांडणार नाहीत. ज्यांना तो सांगण्याचीही सोय नाही त्यांच्यासाठी मात्र तो व्यवस्थेनेच घालून द्यावा लागेल. रविवारच्या सुटीसाठी लोखंडे झटले, त्यामागे हीच दृष्टी होती.